खिंडीच्या अलीकडे

गावात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. विमानतळाच्या रेडिओच्या खोलीत ती बावीस वर्षं काम करत होती. विमानतळ म्हणजे तरी काय, एक धावपट्टी, पत्र्याची एक शेड, दुमजली इमारत आणि आगीचा एक जुना बंब. दिवसाला एकच विमान यायचं, तेही एकोणीस जणांचं, डोंगरापलीकडच्या शहराच्या तशाच लहान तळावरून. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जायचा. त्याला अकरा तास लागायचे, आणि दरड कोसळली की देवच जाणे.

त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, जिथे भेटेल तिथे लोक तिला तेच विचारायचे. "बाई, पलीकडे जायला विमानाला किती वेळ लागतो हो?"

"एकशे शहाण्णव किलोमीटर. चाळीस मिनिटं. समोरून वारा असला तर पंचेचाळीस."

एकदा शेजारणीनं चारचौघींत टोमणा मारला, "जगाच्या वेळा पाठ, आणि स्वतःच्या लग्नाची वेळ मात्र चुकली!"

"चुकली कुठे?" घड्याळबाई म्हणाली. "माझं विमान उशिरा नव्हतं, रद्दच झालं होतं."

ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, खाणीत मुकादम. आई-वडील लवकर गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी तो खाणीत उतरला होता. बहिणीला शिकवलं, शहरात रेडिओच्या शिक्षणाला पाठवलं, पोचवायला अकरा तास तिच्याबरोबर उभ्यानं गेला. दादाचा शब्द तिच्यासाठी शेवटचा असे. दादाला एकच मुलगा. ताडमाड उंच, म्हणून लांब्या. चौकटीतून आत येताना वाकायचा, तरी दोन दिवसांआड कपाळाला टेंगूळ असायचंच. वहिनी कामावर गेली की त्याला आत्यानंच भरवलं होतं. तेविसाव्या वर्षी तोही खाणीत लागला, बापाच्याच हाताखाली.

एका मंगळवारी सकाळी खाणीच्या तिसऱ्या बोगद्याचं छत खाली आलं. एकतीस माणसं गेली. आधाराचे लाकडी खांब कुजलेत हे मुकादमानं दोनदा लेखी कळवलं होतं. खाणमालकानं निरोप पाठवला होता, 'महिना संपू दे, मग बघू.' रोज कोण कुठे उतरणार हे मुकादमच ठरवायचा. त्या दिवशी लांब्याला तिसऱ्या बोगद्यात दादानंच पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी लांब्या सापडला. दादानं त्याला बुटांवरून ओळखलं. त्यानंतर दादा घरात बोलेनासा झाला. ओसरीवर बसून हाताची मूठ उघडायचा, मिटायचा. वहिनी मात्र एकच वाक्य घोकत राहिली. "त्या मालकानं एकदा माझ्यासमोर उभं राहून सांगावं, खांब का बदलले नाहीत ते. मी काही करणार नाही. फक्त सांगावं."

अकराव्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या तळावरून दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशांची यादी आली. सहाव्या ओळीत खाणमालकाचं नाव होतं. सरकारी अधिकाऱ्यांबरोबर बैठक होती, आणि रस्त्यानं यायची त्याची छाती नव्हती. यादी कुणाला दाखवायची नाही असा नियम होता. बावीस वर्षांत घड्याळबाईनं तो कधी मोडला नव्हता. पण घरी गेल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"वहिनी, तो उद्या येतोय. सकाळच्या विमानानं."

वहिनीनं मान वळवली. ओसरीवरच्या दादाची मूठ मिटली ती मिटलीच.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या रेडिओवाल्याचा फोन आला. विमान निघालं होतं. अठरा प्रवासी, दोन वैमानिक. तिनं वहीत वेळ लिहिली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकासमोर माणसं उभी होती. आधी तिला वाटलं पन्नासेक असतील. मग रस्त्याच्या वळणावरून आणखी येताना दिसली. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात फावड्याचा दांडा. बायकाही होत्या.

फाटकावरचे काका बासष्ट वर्षांचे. कमरेला पट्टा आणि हातात काठी, एवढंच त्यांचं हत्यार. ते फाटकाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "अरे, मलाही पोरं आहेत. पण विमानात बाकीची माणसं पण आहेत ना!"

पहिला दगड त्यांच्या खांद्याला लागला. दुसरा शेडच्या पत्र्यावर. मग दगडांचा नुसता पाऊस झाला आणि फाटक बिजागऱ्यांसकट आत पडलं. काका धडपडत इमारतीकडे पळाले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. बंबवाल्यानं बंब आडवा घालायचा प्रयत्न केला, तर त्याला दाराबाहेर खेचून चिखलात पाडलं, लाथा घातल्या, बंबाची चारही चाकं फोडली. कुणीतरी खांबावरून फोनची तार ओढून तोडली. मोबाइल तर खाणीच्या दुर्घटनेपासून सरकारनं बंदच ठेवले होते.

घड्याळबाईनं फोन उचलला. मुका. नऊ अठरा.

आता सांगायला हवं ते हे, की ते विमान वाटेत हवं तिथून मागे फिरू शकत नसे. निघाल्यापासून सव्विसाव्या मिनिटाला ते खिंडीत शिरायचं. पुढे दोन्हीकडे कडे आणि मधे अरुंद दरी. तिथे एकदा खाली उतरायला लागलं की वळायला जागाच नाही. मग उतरायचं ते धावपट्टीवरच. आणि डोंगर आड असल्यानं पहिली वीस मिनिटं तिचा आवाज विमानापर्यंत पोचत नसे. म्हणजे नऊ तीस ते नऊ छत्तीस. सहा मिनिटं तिच्या हातात होती. त्याआधी बोलून उपयोग नाही, त्यानंतर बोलून फायदा नाही.

तिनं खाली पाहिलं. माणसं धावपट्टीवर पसरली होती. चारशे तरी असतील. मोटारीच्या थांब्यावर बस यायची वाट बघावी तशी उभी होती. विमान खाली येईल, थांबेल, दार उघडेल आणि आपण त्याला बाहेर ओढू, एवढंच त्यांच्या डोक्यात. टेकताना विमान ताशी दीडशेच्या वेगानं धावतं आणि त्याच्या दोन पंख्यांसमोर माणूस आला तर त्याचं काय होतं, हे त्यांना कोण सांगणार? पट्टीच्या मधोमध वहिनी मांडी घालून बसली होती. मांडीवर लांब्याचा फोटो.

घड्याळबाईनं दाराला आतून कडी घातली, लोखंडी कपाट सरकवून लावलं. जिन्यावरून काकांचा आवाज आला. "मुकादम, वर जाऊ नका. तुमची बहीण आहे वर." मग धप्प असा आवाज, जिन्याच्या पायऱ्यांवरून काहीतरी जड घरंगळत गेल्यासारखा. मग काका बोलले नाहीत.

दार तिसऱ्या घावाला फुटलं. कपाट आडवं झालं. दादा आत आला तेव्हा त्याच्या हातात खाणीतली पहार होती आणि तिच्या टोकाला केस चिकटले होते. मागे दोन तरुण कामगार. नऊ चोवीस.

"किती वेळ आहे?" दादानं विचारलं. लांब्या सापडल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"दादा, काकांना काय केलंस?"

"किती वेळ आहे, ते सांग."

"सव्वीस मिनिटं."

"मग आपण दोघं इथंच बसू. त्यानं रेडिओवर विचारलं की म्हणायचं, सगळं ठीक आहे, या."

"दादा, पट्टीवर माणसं आहेत. वहिनी बसलीय तिथे."

"विमान आलं की उठतील."

"उठायला वेळ मिळत नाही रे! ते वळणावरून दिसतं तेव्हा—"

त्यानं पहार टेबलावर आपटली. वही, पेला, शिसपेन्सिली, सगळं उडालं. "तू मला शिकवू नको. त्याला खाली उतरवायचं. एकतीस माणसं त्यानं खाली गाडली, त्याला एकदा खाली उतरू दे."

ती खुर्चीवर बसली. पुढे कोर्टात कुणी विचारलं नाही, पण खरं सांगायचं तर त्या सहा मिनिटांतलं एक मिनिट तिनं स्वतः वाया घालवलं. तिच्या डोळ्यांसमोर लांब्याचे बूट आले. तिला वाटलं, येऊ दे. उतरू दे त्याला. पहार माझ्या हातात द्या, पहिला घाव मीच घालते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली, आणि ती आग तिला क्षणभर बरी वाटली. मग तिला आठवलं, यादीत सातव्या ओळीत एक बाई आणि तिच्या मांडीवर बसणारं मूल होतं. आणि खाली वहिनी.

नऊ बत्तीसला रेडिओ खरखरला. कॅप्टनचा आवाज नेहमीसारखाच, जरा कंटाळलेला. त्यानं वारा किती, पट्टी मोकळी आहे का, ते विचारलं.

दादानं पहारीचं टोक तिच्या मानेला लावलं. "सांग."

तिनं बटण दाबलं. "खिंडीत येऊ नका. पट्टीवर माणसं आहेत. परत—"

पहार मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज तिला दुखण्याच्या आधी ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा. माइक टेबलाखाली गेला, वायरीला लोंबकळत राहिला.

"पुन्हा सांगा," कॅप्टन म्हणाला. "आवाज तुटतोय. पट्टी मोकळी आहे का?"

नऊ चौतीस. ती खुर्चीवरून खाली घसरली होती. एका तरुणानं तिच्या केसांना धरून मागे ओढलं, केसांचा पुंजका त्याच्या हातात आला. तिनं त्याच्या पोटरीला चावा घेतला. दात मांसात रुतेपर्यंत सोडलं नाही. तो किंचाळून बाजूला झाला. टेबलाखाली शिरून डाव्या हातानं तिनं माइक धरला आणि बावीस वर्षांत कधी बोलली नव्हती त्या भाषेत ओरडली, "अहो, परत फिरा! माणसं मरतील! परत फिरा!"

दुसरा घाव खांद्यावर पडला. तिसरा पाठीवर. दादा रडत होता आणि मारत होता. "माझा लांब्या! माझा लांब्या!" एवढंच म्हणत होता, आणि प्रत्येक शब्दाला पहार खाली येत होती. पोटरी धरून बसलेला तो तरुण शेवटी स्वतःच ओरडला, "मुकादम, बास! मरेल ती!" दुसऱ्यानं रेडिओचा खोका उचलून भिंतीवर फोडला.

मग खोली शांत झाली. कॅप्टननं दुसऱ्यांदा ऐकलं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं शाबूत होतं. नऊ छत्तीस. नऊ सदतीस. बाहेरची माणसंही गप्प झाली होती, सगळ्यांचे चेहरे खिंडीकडे. दुरून घरघर आली. वाढली. पट्टीवरच्या एका बाईनं लेकरू उचलून कडेला पळ काढला. वहिनी जागची हलली नाही.

घरघर खिंडीच्या पलीकडेच फिरली आणि कमी कमी होत गेली.

ते लोकांच्या ध्यानात यायला मिनिटभर लागलं. मग जो आवाज उठला तो घड्याळबाई आजही विसरलेली नाही. "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं त्याला?" खालून दगड येऊ लागले, उरलेल्या काचा फुटल्या. शेडमधल्या डिझेलचे डबे फोडून कुणीतरी इमारतीच्या खालच्या खोलीला आग लावली. दादा धुरात उभा होता. पहार हातातून गळून पडली होती. त्या दोघा तरुणांनी त्याला दंडाला धरून खाली नेलं. बहिणीला उचलायचं त्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

बंबवाला वर आला. त्याच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. तिला पाठीवर घेऊन तो जळत्या जिन्यावरून उतरला. पायथ्याशी काका पडले होते. बंबवाल्यानं त्यांनाही ओढत बाहेर काढलं. त्यांचा श्वास चालू होता. तो दोन दिवस चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या बंदोबस्तात तेच विमान आलं आणि तिला झोपवून पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या वाटेनं गेली, आणि गुंगीत असल्यामुळे तिला त्यातलं काही कळलं नाही. मनगटात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या, खांद्यात एक. तिसऱ्या दिवशी कॅप्टन भेटायला आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "पहिल्यांदा नीट कळलं नव्हतं, बाई. मी खिंडीकडे वळलोच होतो. दुसऱ्यांदा तुम्ही ओरडलात, तेव्हा वाटलं, ही बाई उगाच ओरडणार नाही."

तिनं विचारलं, "आणि तो?"

"परत उतरल्या उतरल्या गाडीत बसून गेला. कुणाला काही बोलला नाही."

खाणमालकाला सात महिन्यांनी पकडलं. चार वर्षांची शिक्षा झाली आणि वरच्या कोर्टानं त्याला जामिनावर सोडलं. गावात लोक म्हणत, 'बाईनं वाचवला.' वाचलेल्या बाकीच्यांचा हिशेब कुणी केला नाही, आणि पट्टीवर उभे असलेले आपण स्वतः वाचलो, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

काकांच्या खुनाचा खटला दादावर उभा राहिला. सरकारी वकिलानं घड्याळबाईला पिंजऱ्यात उभं केलं. दादा समोर बसला होता. केस पांढरे झाले होते.

"तुमचा हात कुणी मोडला?"

काकांची बायको पहिल्या बाकावर बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला होता.

"माझ्या दादानं," घड्याळबाई म्हणाली.

"आणि जिन्यावर?"

"मी पाहिलं नाही. ऐकलं. दादा आत आला तेव्हा पहारीला केस होते."

दादाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. पलीकडच्या शहराच्या तुरुंगात ठेवलं.

त्यानंतर भावाच्या घरात पाऊल ठेवायची सोय उरली नाही. बंबवाल्याच्या घराच्या माडीवर ती भाड्यानं राहू लागली. पहिल्या वर्षी खिडकीची काच चारदा फुटली. एकदा बाजारात एक बाई जवळ आली आणि तिच्या तोंडावर थुंकली. एकतिसांतला एक त्या बाईचा नवरा होता. घड्याळबाईनं तोंड पुसलं आणि राहिलेली भाजी घेतली. काकांच्या बायकोकडे ती एकदा गेली. यादीची गोष्ट आपणच घरी फोडली, हे तिला सांगायचं होतं. सांगितलं. काकांच्या बायकोनं आतून दार लावून घेतलं.

नव्या इमारतीत नवा रेडिओ आला, तेव्हा ती परत कामावर गेली. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून डाव्यानं लिहायला शिकली. आता मात्र दुकानात तिला किलोमीटर आणि मिनिटं कुणी विचारत नसे.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वहिनी होती. खूप वाळली होती. आत आली, पण बसली नाही.

"मला त्याला भेटायला जायचंय," वहिनी म्हणाली. "अकरा तास गाडीत माझी पाठ टिकत नाही. विमानाची भीती वाटते. तू चल बरोबर."

"मला बघून तो भेटायचा नाही, वहिनी."

"मला भेटेल. तू बाजूला बस."

दोघी गेल्या. खिंड आली तेव्हा विमान गदागदा हललं. वहिनीनं तिचा हात घट्ट धरला, तोच मोडका. दुखलं, पण घड्याळबाईनं तो सोडवून घेतला नाही.

तुरुंगात जाळीच्या पलीकडे दादा आला. बहीण दिसली तसा थबकला, वळला, पुन्हा फिरून बाकावर बसला. बायकोशी बोलला. पाठ कशी आहे, छप्पर गळतं का, खाणीत नवीन मुकादम कोण. पंधरा मिनिटं संपत आली तेव्हा बहिणीकडे न बघता त्यानं बायकोला विचारलं, "हिचा हात अजून वाकडाच आहे का?"

"तिलाच विचार. इथेच बसलीय."

दादानं विचारलं नाही. शिपायानं नाव पुकारलं तसा उठून गेला.

परतताना तळावर विमानाची वाट बघत दोघी बाकावर बसल्या होत्या. वहिनीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्यायली, मग तिला दिली.

"तू केलंस ते बरोबर केलंस," वहिनी म्हणाली. "मी पट्टीवर बसले होते. मला कळत होतं आपण मरणार. मला मरायचंच होतं. तू मरू दिलं नाहीस, त्याचा राग आहे मला. जाईल असं वाटत नाही."

"नाही गेला तरी चालेल."

"आणि तो मालक येतोय ही बातमी तू मला का सांगितलीस, हा पण राग आहे."

घड्याळबाई बाटलीचं झाकण लावू लागली. तिला ते जमेना. वहिनीनं ते तिच्या हातातून घेतलं, लावलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

"पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी भेटीचा दिवस आहे," ती म्हणाली. "रजा टाकून ठेव."